आवकायीचं चार शेर मीठ

मित्रांनो, माझ्या पोटात पूर्वी एक पोचा होता. तो गेला त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. तुम्ही म्हणाल, पोचा गेला तर आनंदच व्हायला हवा. तसं नाही झालं.

मी एक जुना पितळी शेर आहे, मीठ मोजायचं माप. राजमहेंद्रीच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि वरहालम्माबरोबर मी तिच्या सासरी आलो. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिच्या हातून निसटून मी विहिरीच्या दगडावर आपटलो आणि माझा तळ चांगला दोन बोटं आत गेला. त्या उन्हाळ्यात आवकाय, म्हणजे आमच्याकडचं कैरीचं लोणचं, अळणी झालं. पुढच्या वर्षीपासून वरहालम्मा मीठ शीग लावून मोजू लागली. चव जमली आणि शीग का लावली हे ती साफ विसरून गेली.

चाळीस वर्षं मी तसाच राबलो. वरहालम्माच्या लोणच्याचं नाव गावभर झालं. कुणी कृती विचारली की ती काही हातचं राखायची नाही. कैऱ्या कोरड्या फडक्याने पुसा, कोयीच्या टणक कवचासकट फोडा, मोहरीला दोन उन्हं दाखवून मग दळा, तिळाच्या तेलाला हात आखडू नका, ओला हात बरणीच्या आसपाससुद्धा नको. तिखट आणि मोहरी वजनाने घ्या, मीठ मात्र शेराने. शंभर कैऱ्यांना चार शेर, शीग लावून.

बायका घरी जाऊन आपापल्या धडधाकट शेरांनी मीठ मोजायच्या आणि लोणचं खारट व्हायचं. वरहालम्मा म्हणायची, त्यांच्या हाताला चव नाही. मी फळीवर बसून ऐकत असे. मला वाचा असती तर किती घरं वाचली असती!

सगळ्यात जास्त भोगलं ते तिच्या सुनेने, हैमवतीने. ती हैदराबादला राहायची आणि दर उन्हाळ्यात सासूला फोनवर विचारून लोणचं घालायची. आठ वर्षं तेच. एकदा तिने इकडे आणलेलं लोणचं सासूने चार पाहुण्यांसमोर तोंडात घातलं आणि म्हणाली, "हैमा, समुद्र आणून ओतलास की काय?" सगळे हसले. हैमवतीही हसली, पण त्या दिवशी ती पुन्हा जेवायला बसली नाही.

यंदा वरहालम्माचं उजवं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर, त्यामुळे घरचं लोणचं घालायला हैमवतीलाच बोलावलं. ती आली तीच धास्तावलेली. नवऱ्याला, सत्यमला, तिने स्वयंपाकघरातच सांगितलं की यंदाही बिघडलं तर आपण जन्मात पुन्हा बरणीला हात लावणार नाही. सत्यम भला माणूस. आईला आणि बायकोला बरं वाटावं म्हणून तो मला गुपचूप तांबटाकडे घेऊन गेला. तांबटाने पोचा ठोकून काढला, चिंच लावून मला लखलखीत केलं. चाळीस वर्षांनी मी सरळ झालो आणि भीतीने माझं पितळ गार पडलं.

लोणच्याच्या दिवशी हैमवती न्हाऊन, धुतलेली कोरडी साडी नेसून बसली. खुर्चीवरून वरहालम्माची नजर होतीच. पहिला शेर भरला. माझ्या पोटात आता कितीतरी जास्त मीठ मावत होतं. शीग कमी वाटते म्हणून वरहालम्माने डाव्या हाताने वर आणखी मूठभर लावली. दुसरा शेर, तिसरा, चौथा. अगं थांब, अगं पुरे, असं मी मनातल्या मनात किती ओरडलो असेन! मीठ खळखळत परातीत पडत राहिलं.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी बरणीतलं लोणचं परातीत काढून ढवळतात आणि त्याच परातीत गरम भात कालवून चव बघतात. ते दोन दिवस मला युगासारखे गेले. तिसऱ्या दिवशी वरहालम्माने घास घेतला आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"पुन्हा तेच," ती म्हणाली.

हैमवतीचे हात मसाल्याने लाल झाले होते. डोळे भरले, पण पुसता येईनात. तिने कोपराने गाल पुसला आणि पहिल्यांदाच सासूला उलट बोलली.

"अत्तय्या, चार शेर तुमच्या डोळ्यांसमोर मोजले. शीगसुद्धा तुम्हीच लावलीत. आता माझं काय चुकलं ते सांगा."

 वरहालम्माने मला उचललं आणि सवयीने अंगठा आत घातला. माझ्या तळावर तो नुसताच घसरला. तिने पुन्हा चाचपून पाहिलं.

"सत्यम, याचा पोचा कुठे गेला?"

सत्यमने कौतुकाने सांगितलं की तांबटाकडून काढून आणला, बिचारा किती वर्षं वाकडा होता. वरहालम्माने मला मांडीवर घेतलं. मग तिने हैमवतीला विचारलं, "तुझ्या हैदराबादच्या शेराला पोचा आहे?"

"नाही अत्तय्या. चांगला आहे."

"म्हणजे आठ वर्षं तू माझंच ऐकत होतीस आणि माझीच बोलणी खात होतीस."

 हैमवती परातीकडे बघत राहिली. वरहालम्माने मला तिच्यापुढे सरकवलं. "आता हे कसं सावरायचं, तू सांग. मी तसंच करीन."

हैमवतीने जरा विचार केला. आणखी पंचवीस कैऱ्या फोडू, म्हणाली, मोहरी, तिखट, तेल बेताने वाढवू, मिठाचा कण घालायचा नाही. वरहालम्मा डाव्या हाताने कैऱ्या पुसायला बसली. लोणचं सावरलं, पण एवढ्यावर तिचं मन भरेना. संध्याकाळी मला पदराखाली घेऊन ती गल्लीत घरोघर गेली आणि प्रत्येक दारात आपली चूक सांगून आली.

मित्रांनो, तुम्ही कुणाला पदार्थाची कृती सांगाल तेव्हा तुमचं मापही दाखवा. आणि कुणाच्या हातचं बिघडलं, तर त्या माणसाला बोलण्याआधी एकदा आपल्या भांड्याच्या तळाला हात लावून बघा.