पत्र्यावरचे आण्णा

आमचे मालक रविराज दोन निवडणुका हरले आणि त्यातून एकच गोष्ट शिकले, की आण्णांचा फोटो लहान पडला. पहिल्या वेळी तो पत्रकावर होता, दुसऱ्या वेळी चौकातल्या फ्लेक्सवर. उमेदवारात काही खोट असेल, अशी शंका त्यांना झोपेतही आली नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

तिसऱ्या वेळी जिल्हा परिषदेचा आमचा गट बायकांसाठी राखीव झाला. मग घरात बायको आहे, हे त्यांना आठवलं.

"नाव तुजं," ते म्हणाले, "बाकी समदं मी बगतो."

बाकी समदं म्हणजे भाषण, माईक आणि पुढची सीट.

मला मात्र खरंच निवडून यायचं होतं. लग्न होऊन आल्यापासून ओसरीवरच्या कार्यकर्त्यांना चहा करून पाजतेय. कुणाचा पूल वाहून गेला, कुणाच्या पोरीला सासरचे नांदवत नाहीत, कोणत्या शाळेवर मास्तर नाही, हे सगळं मी आतल्या खोलीतून ऐकत आलेय. मालक त्याच वेळी ओसरीवर मोबाईल बघत असायचे.

तर आण्णांची व्हॅन बाहेर काढायचं ठरलं. आण्णा म्हणजे माझे सासरे, राधाकिशनराव. ते निवडणुका लढवायचे तेव्हा या व्हॅनमध्येच राहायचे. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. गावाबाहेर गाडी लावायची, दाराशी बसून लोकांचं ऐकायचं, तिथंच झोपायचं. पुढे कुणीतरी हौसेने गाडीच्या डाव्या बाजूला त्यांचं चित्र काढून घेतलं. खिडकीपासून पार खालच्या कडेपर्यंत फेटा, मिशा आणि जोडलेले हात. आण्णांनी राजकारण सोडलं आणि व्हॅन गोठ्यामागे गेली. आत कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

आण्णा अजून धडधाकट आहेत. अंगणात बाजेवर बसून सुपारी कातरतात. लोक येतात, त्यांच्या पाया पडतात आणि आत जाऊन त्यांच्या नावाने काय करायचं ते ठरवतात. त्यांना कुणी काही विचारत नाही.

सिरसाळ्याहून गहिनीनाथ आला. गाड्यांचा पत्रा ठोकणं, रंगवणं हा त्याचा धंदा. त्याने गंज बघायला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आण्णांच्या गालातून मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर मागोमाग तांबडा भुगा सांडला.

"भाऊ, खिडकीच्या खालचं समदं कापावं लागंल," तो म्हणाला. "दाराजवळची जमीन बी गेलीय. नवा पत्रा लावू."

"कापावं लागंल?" मालक कडाडले. "आण्णांच्या तोंडावर ग्राइंडर चालवतो का बे?"

कार्यकर्ते गहिनीनाथकडे असे बघायला लागले, जणू त्याने खून केला होता. एक चहा संपेपर्यंत गडी खरं बोलला. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तुमी म्हणाल तसं."

मग लांबी आली. लांबी म्हणजे पत्र्यातले खळगे बुजवायचा लगदा. इथे बुजवायला पत्राच नव्हता. भोकात जाळी कोंबली, वर लांबी थापली, घासली, पेंटरने नवी मिशी काढली. आण्णा जुन्या चित्रापेक्षा तरुण दिसायला लागले. मालक चारही बाजूंनी फिरून खूश झाले.

मी दारातून आत पाय ठेवला. जमीन खाली गेली आणि वर आली.

"आवो, मला हितंच उभं राहून मतं मागायचीत," मी म्हणाले. "मी खाली गेले तर?"

"तू कशाला उभी राहतीस? बसून हात जोड की!" त्यांनी त्यावर प्लायवूड टाकलं, प्लायवूडवर लाल गालिचा. झालं काम. या घरात सडलेलं काही काढत नाहीत, त्यावर गालिचा टाकतात.

प्रचाराचा नारळ महादेवाच्या देवळासमोर फोडायचा होता. देवळाला चांगल्या दगडी पायऱ्या आहेत, सगळं गाव तिथेच नारळ फोडतं. पण मालकांना भक्तीचा उमाळा आला. नारळ आण्णांच्या चरणी फुटला पाहिजे, म्हणजे व्हॅनच्या खालच्या कडेवर! गहिनीनाथ दोन पावलं मागे सरकला. कर्णे बसवायला तो हत्यारं घेऊन आला होता. आण्णांना खुर्चीवर पुढे बसवलं होतं.

मालकांनी नारळ डोक्यावर उचलला, "आण्णांचा इजय असो" म्हणाले आणि हाणला.

नारळ फुटला नाही, आत गेला. कड मोडली, मग खालून वर लांबीचा एकेक पोपडा सुटत गेला. हात पडले, हनुवटी पडली, नवी मिशी अखंड खाली आली आणि मालकांच्या बुटाशी येऊन थांबली. आत नारळ गडगडत राहिला.

नारळ बघायला आलेल्या बायकांतली आमची शेजारीण केसरबाई खुदकन हसली. तिच्यामागे सगळ्या बायका हसल्या.

मला वाटलं, आता तरी हा माणूस लाजेल. मालकांनी माईक ओढला. "शुभशकुन हाय! आण्णांनी नारळ पोटात घेतला!"

आणि कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या! एकाने तर त्या भोकाला हार घातला. दुसरा हळद-कुंकू घेऊन आला. अशा लोकांच्या जिवावर मी निवडणूक लढवणार होते.

"चल, चढ वर," मालक मला म्हणाले. "हात जोड."

मी जागची हलले नाही. आज या गालिच्यावर पाय ठेवला तर पाच वर्षं त्यावरच बसवतील, हे मला स्वच्छ कळलं. मी पदर सावरला आणि खुर्चीपाशी गेले.

"आण्णा, तुमचं चित्र कापू का?"

आण्णांनी मालकांकडे बघितलं, मग हार घातलेल्या भोकाकडे.

"काप की," ते म्हणाले. "लई वर्सं झाली, मलाच कंटाळा आला त्या तोंडाचा. अन् काय रे, जित्या माणसाला इचारायचं सोडून पत्र्याच्या पाया कावून पडताव?"

गहिनीनाथला मी हाक मारली. जनरेटर एकच होता, त्यावर ग्राइंडर लावायला माईक बंद करावा लागला. मालक भाषण करतच होते, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. ठिणग्या उडाल्या आणि आण्णा फेट्यासकट खाली आले. नारळ मी आत हात घालून काढला, पुसला आणि देवळाच्या पायरीवर एका घावात फोडला.

दोन दिवस खपून गहिनीनाथने नवा पत्रा जोडला. जमीनही नवी घातली. रंगाला मी नको म्हणाले. व्हॅन कोरी, राखाडी. मालकांनी तीत पाय ठेवला नाही. नवीन फ्लेक्स छापायला गेलेत म्हणे.

सिरसाळ्याच्या बाजारात दार उघडून मी उभी राहिले. पायाखाली काही हललं नाही. एक म्हातारी गाडीभोवती पुरा फेरा मारून आली.

"गाडीवर फोटू कुणाचाच न्हाई?" तिने विचारलं.

"न्हाई, मावशी," मी म्हणाले. "मी सोताच आलेय."

"मंग बोल," म्हणाली आणि पिशवी खाली ठेवून ऐकायला बसली.