गाठ दाखव

मी एक जुना दोर आहे. खरे सांगायचे तर आता दोराचा तुकडाच, आणि तोही भित्रा. कड्यांवर माणसांना धरून ठेवण्यात माझा जन्म गेला, तेव्हा माझ्याकडून शौर्याच्या गोष्टी ऐकायला मिळतील असे तुम्हाला वाटत असेल. मित्रांनो, आधीच सांगतो, तुमची निराशा होईल. मी सगळी नोकरी घाबरत घाबरत केली.

त्याला कारणही तसेच आहे. कारखान्यात पांढऱ्या धाग्यांना पीळ घालून माझा गाभा तयार झाला आणि त्यावर निळ्या-पिवळ्या धाग्यांचे घट्ट कवच विणले गेले. नवे कपडे घातल्यावर माणूस जरा ताठ होतो, तसा मीही झालो होतो. तेवढ्यात दोन कामगार आले आणि माझ्याच रिळातून कापलेल्या माझ्या भावाला उचलून घेऊन गेले. त्यांनी त्याच्या टोकाला जाडजूड लोखंडी वजन बांधले आणि ते वरून सोडून दिले. पुन्हा वर नेले, पुन्हा सोडले. भाऊ तुटेपर्यंत हेच चालले होते. "चांगला निघाला," असे म्हणत एकाने त्याचे तुकडे टोपलीत टाकले आणि माझ्यावर मंजुरीचा शिक्का बसला. भाऊ चांगला निघाला म्हणून मी चांगला. त्या दिवशी माझ्या धाग्यांत जी भीती शिरली ती पुढे कधी गेलीच नाही.

मला दोन बहिणींनी विकत घेतले. त्या लोकांना डोंगरांचे कडे चढायला शिकवायच्या. टायर दुरुस्तीच्या दुकानामागे त्यांची एक लांबट खोली होती. भिंतीला ओळीने खुंट्या, खुंट्यांवर शिरस्त्राणे आणि कमरेचे पट्टे, कोपऱ्यात घामट बुटांचा ढीग. सगळे त्यांना थोरल्या ताई आणि धाकट्या ताई म्हणत. थोरली भिंतीवर पालीसारखी चढायची. कड्याखाली उभी राहिली की तिचे डोळे चमकायचे आणि ती घाई करू लागायची. धाकटीचा स्वभाव अगदी उलटा. ती चढायची चांगली, पण वर जाण्याआधी दोर अडकवायची प्रत्येक लोखंडी कडी दोनदा उघडून बघायची. संध्याकाळी खोलीत परतल्यावर मला इंचाइंचाने बोटांतून सोडायची. कुठे कापले आहे का, कुठे मऊ पडले आहे का, हे ती डोळे मिटून चाचपायची. त्या बोटांत मला फार सुरक्षित वाटे. या घरात आपल्याइतके घाबरणारे आणखी कुणीतरी आहे, हे कळल्यावर मला किती बरे वाटले म्हणून सांगू.

धाकटीचे दोन नियम होते. पहिला असा की माझ्यावर ज्याचा पाय पडेल त्याने माझी माफी मागायची. बुटाखालची बारीक खडी दोराच्या अंगात शिरते आणि आतून धागे कुरतडते, म्हणून हा नियम. दुसरा नियम असा की चढण्याआधी प्रत्येकाने आपली गाठ खालून दोर धरणाऱ्याला दाखवायची. नवखा असो की मुरलेला, "गाठ दाखव" म्हटले की दाखवायची.

ही गाठ कशी असते ते सांगतो, कारण सगळी भानगड तिथेच झाली. आधी माझ्यात एक गाठ मारतात. मग माझे उरलेले टोक चढणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्यातून ओवतात. आणि मग तेच टोक पहिल्या गाठीच्या वाटेने पुन्हा उलटे फिरवून आणतात. हा परतीचा फेरा झाला की गाठ पक्की. तो राहिला, तर लांबून गाठ असल्यासारखे दिसते, पण पट्ट्यात माझे टोक नुसतेच ओवलेले असते. जोर आला की ते सरळ बाहेर येते.

कामाची वर्षे मात्र मजेची गेली, हे मी नाकारणार नाही. दगड तापलेले असायचे, वारा कानाशी बोलायचा. पहिल्यांदा चढणारा माणूस अर्ध्यावर पोहोचला की आधी रडकुंडीला यायचा, मग खाली बघायचा आणि वेड्यासारखा हसत सुटायचा. ते हसू माझ्या सगळ्या अंगभर थरथरत जायचे. पण कड्याची धारदार कड अंगाला घासली, वरून दगड सुटला, कुणाचा पाय निसटून सगळा भार अचानक माझ्यावर आला, की मला माझा भाऊ आठवायचा. माणूस सुखरूप खाली उतरेपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा.

एका सकाळी नवी तुकडी आली. तीत एक बेकरीवाला होता. पोट सुटलेला, बोटे जाड, तोंडाची टकळी सतत चालू. आल्या आल्या त्याचा पाय माझ्यावर पडला. धाकटीने भुवया उंचावल्यावर त्याने वाकून मला, "माफ करा हं साहेब, लक्ष नव्हतं," असे म्हटले. सगळे हसले. त्या दिवसापासून माझे नाव साहेब पडले.

पद्धत अशी होती की आधी थोरलीने चढून दाखवायचे. माझे एक टोक तिच्या कमरेला, मधला भाग माथ्यावर साखळीने खडकाला बांधलेल्या लोखंडी कडीतून ओवलेला, आणि दुसरी बाजू खाली धाकटीच्या हातात. थोरली चढेल तसतशी धाकटीने माझी ढील, म्हणजे सैल पडलेला भाग, ओढून घ्यायची. माथ्याशी पोहोचल्यावर थोरलीने "घे" म्हणायचे, धाकटीने मला घट्ट ताणून "घेतला" म्हणायचे, आणि मग थोरलीने दोन्ही हात सोडून मागे झुकायचे. तिथून पुढे तिचा सगळा भार माझ्यावर.

थोरली आधी नव्या मंडळींना नियम समजावत होती. धाकटी मध्येच म्हणाली, "आणि गाठ दाखवल्याशिवाय कुणी चढायचं नाही. ताईसुद्धा."

थोरली हसली. "ऐकलंत ना? मी गाठी मारायला लागले तेव्हा ही दुधाची बाटली धरून बसायची. हिच्या हातात असतं ना, तर घराच्या जिन्यालासुद्धा हिनं दोर बांधला असता. आमची भित्री भागुबाई आहे ही."

तुकडी खो-खो हसली. बेकरीवाला तर डोळे पुसायला लागला. धाकटीही हसली, पण तिच्या हातांतून मला कळले की ती दुखावली होती. तिची बोटे थंड पडली आणि ती खाली बघत माझी वेटोळी उगाचच सरळ करू लागली.

इकडे थोरलीने गाठ मारायला घेतली. पहिली गाठ मारली. टोक पट्ट्यातून ओवले. आता परतीचा फेरा घालणार, तेवढ्यात तिची नजर बेकरीवाल्याकडे गेली. सरावासाठी दिलेल्या दोरीशी त्याची झटापट चालू होती. "अहो, कणीक मळताय का? थांबा, दाखवते," म्हणत ती वळली आणि तिने त्याची गाठ नीट करून दिली. वाऱ्याचा एक गार झोत आला. तिने जाकिटाची चेन ओढून घेतली, तशी गाठ जाकिटाखाली झाकली गेली. मग तिने हाताला खडूची पूड लावली आणि दगडाला हात घातला.

मित्रांनो, फेरा राहिला होता. मला कळत होते. माझ्याच अंगावरची गाठ ती, मला नाही कळणार तर कुणाला? पण तोंड कुठून आणू? मी धाकटीच्या हाताकडे आशेने बघत राहिलो. आता म्हणेल, गाठ दाखव. आता म्हणेल. तिने तोंड उघडलेसुद्धा. मग तिने एकदा तुकडीकडे पाहिले आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

थोरली सरसर वर गेली. खाली सगळे माना वर करून बघत होते आणि वाहवा करत होते. मी मात्र भीतीने अर्धमेला झालो होतो, कारण आता एक भलतीच गोष्ट घडू लागली. धाकटी नेहमीप्रमाणे काळजीने ढील ओढून घेत होती, आणि तिच्या प्रत्येक ओढीसरशी माझे टोक पट्ट्यातून बोटभर बाहेर सरकत होते. ती बहिणीला जपायला मला ओढत होती, आणि तिच्याच हातांनी बहीण माझ्यापासून सुटत चालली होती. मी पट्ट्याच्या कापडाला होता होईल तेवढा चिकटून राहिलो. गुळगुळीत नव्या दोरापेक्षा मी थोडा खरबरीत होतो, एवढेच काय ते माझ्या हातात होते.

थोरली कड्याच्या अर्ध्यावर असताना खाली धाकटीचा हात थबकला. माझ्या दुसऱ्या टोकाला माणूस असला की खालच्या हाताला ते कळते. ओढले की पलीकडे कुणाची तरी कंबर लागते, जराशी अडते. आज काहीच अडत नव्हते. मी तिच्या हातात फारच सहज येत होतो. तिने एकदा अगदी हलके ओढून पाहिले. मी आणखी थोडा सरकलो. तिच्या तळव्याला घाम फुटला.

"ताई तर उडतायत हो," बेकरीवाला म्हणाला.  धाकटीने ओढणे थांबवले.

वर थोरली माथ्याशी पोहोचली. दोन बोटांच्या खाचेत एक हात, जेमतेम बुटाच्या टोकाएवढ्या कंगोऱ्यावर पाय. तिने खाली न बघताच हाक मारली, "घे!"

धाकटीने घेतला नाही.

"अगं, घे ना. हात भरून आलेत माझे."

"गाठ दाखव," धाकटी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की तो मलाच ऐकू आला. मग ती जोरात म्हणाली, "ताई, हात सोडू नकोस. आधी गाठ दाखव."

तुकडीतून कुणीतरी फिस्सकन हसले. थोरली वैतागली. "आत्ता? इथून? वेड लागलंय का तुला?"

"लागलंय. हसा सगळे. पण गाठ बघ."

थोरलीने चिडून एका हाताने जाकीट वर सारले आणि खाली पाहिले. पट्ट्यात माझे वीतभर टोक उरले होते. ते नुसतेच लोंबत होते. तिचा श्वास आत गेला तो बाहेर येईना. तिने खाचेतली बोटे आणखी आत रोवली.

"गाठ नाहीये गं," ती म्हणाली. लहान मुलीसारखा आवाज होता तो.

आता कुणीच हसत नव्हते. धाकटीचे हात माझ्यावर गोठले होते, पण आवाज मात्र घरात भाजी निवडताना बोलावे तसा निघाला. "बरं. दोराकडे बघू नकोस. तुझ्या कमरेच्या पट्ट्याला उजवीकडे छोटी पट्टी आहे, तिच्या टोकाला कडी आहे. ती काढ."

"हात सुटेल."

"नाही सुटणार. डावा घट्ट धर. काढ कडी. हं. आता वरच्या साखळीत अडकव."

थोरलीचा उजवा हात चाचपडत कमरेशी गेला. कडी तिच्या घामट बोटांतून एकदा निसटली आणि पुन्हा पट्ट्यावर आपटली. पाय घसरला. खडी खाली आली. मी डोळे मिटले असते, पण दोराला तीही सोय नाही. मग पुन्हा तो हात वर गेला, आणि साखळीत कडी अडकल्याचा टक् असा आवाज झाला. आयुष्यात मी पुष्कळ टाळ्या ऐकल्या, पण त्या आवाजाची सर कशालाच नाही.

थोरलीने सगळा भार त्या छोट्या पट्टीवर टाकला. मग तिने माझे टोक घेतले, पुन्हा ओवले, परतीचा फेरा घातला आणि गाठ दगडापासून लांब धरली. "दिसतेय का?"

"नाही दिसत. उन्हात धर."

तिने निमूटपणे उन्हात धरली.

"दिसली. आता घेतला. बस."

खाली उतरल्यावर थोरलीला तीच गाठ सोडवता येईना. धाकटीने ती सोडवली. दोघी दगडावर शेजारी बसल्या. थोरली म्हणाली, "चढायच्या आधी का नाही विचारलंस?"

"तू हसलीस ना," धाकटी म्हणाली. "मग मी गप्प बसले. तू पडली असतीस, तर जन्मभर मी हेच आठवत बसले असते की मला लाज वाटली म्हणून मी बोलले नाही."

थोरलीने तिचा हात हातात घेतला. ती रडली. सगळ्या तुकडीसमोर रडली. बेकरीवाल्याने खिशातून रुमाल काढून पुढे केला.

त्यानंतरही मी बरीच वर्षे राबलो. मग माझे कवच केसाळ झाले, आणि एका संध्याकाळी धाकटीच्या बोटांना माझ्या अंगात मऊ जागा लागली. माझी वेळ भरली होती. पण धाकटीला ते सोसेना. "साहेबांना अख्खं ठेवू या गं खुंटीवर," ती म्हणाली. "आठवण म्हणून."

"अख्खा ठेवलास तर कुणीतरी घाईत उचलून नेईल," थोरली म्हणाली. "त्याला कोण विचारणार, गाठ दाखव म्हणून?" आणि तिने गरम पाते घेतले. मित्रांनो, मी किती घाबरलो ते विचारू नका. पण पाते अंगातून गेले तेव्हा मला कळले की अशी काळजी माझी आजवर कुणी घेतली नव्हती. आता माझ्या हातून कुणाचा जीव जाणार नव्हता. म्हणून तुम्हालाही विनंती करतो, जुन्या दोरावर माया करायची असेल तर त्याला वेळीच कापून टाका.

आता मी दाराजवळच्या खुंटीवर असतो. नव्या मुलांना गाठ शिकवायची झाली की मला खाली काढतात. सकाळी तुकडी निघण्याआधी सराव म्हणून सगळे पट्टे चढवतात आणि गाठी मारतात, आणि थोरली सगळ्यांत आधी बहिणीसमोर जाऊन उभी राहते. कुणी मागण्याची वाट न बघता जाकीट वर सारते. धाकटी वाकून नीट बघते, कधी बोटाने ओढूनही बघते. कुणी नवखा हसतो. थोरली त्याला म्हणते, "हसा. पण आता तुमची दाखवा."

मित्रांनो, मी दोर, म्हणून मला बोलता आले नाही. तुम्हाला तोंड आहे. तुम्हाला भीती वाटली, तर चारचौघांत बोलायला लाजू नका. आणि कुणी तुम्हाला गाठ दाखव म्हणाले, तर हसू नका. दाखवा.