दिवाळीनंतरची पानं

"हल्ली वहीतल्या रेघासुद्धा जवळजवळ पाडतात. चोर सगळे," दिवाळीच्या आधी एकदा हे खिडकीपाशी लिहिता लिहिता पुटपुटले. मी शेजारी बसून शेंगा फोडत होते. नुसती मान डोलावली. रेघा एकोणीस वर्षं तेवढ्याच अंतरावर आहेत, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही होतं.

जेवण झालं की एकशे आठ वेळा रामनाम लिहायचं, वर तारीख घालायची, हा ह्यांचा नेम. थोरले दीर दत्तात्रय अंथरुणाला खिळले, त्या वर्षी सुरू केलेला. आधी त्यांचा हात कापायला लागला, मग पाय अडखळू लागले, शेवटी घास उतरेना. सहा वर्षांत गेले. त्या आजाराचं नाव आमच्या धारवाडच्या घरात कुणी घेत नाही. 'अण्णांचं ते' म्हणायचं आणि विषय बदलायचा.

त्यांची मुलगी वेदश्री तेव्हा बारावीत होती. आज बेंगळूरला तसल्याच आजारांवर संशोधन करते. मेंदू झिजत जाण्याचे आजार, आणि शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतं ते आजार. दोन्हींच्या खुणा आधी कुठे दिसतात, हे तिला शोधायचंय. गेल्या महिन्यात म्हणाली, "काका, तुमच्या वह्या द्या. तारीखवार हस्ताक्षर कुठे मिळतंय मला?"

ह्यांनी दिल्या. मी काय म्हणून अडवणार?

गेल्या दोन वर्षांत ह्यांची अक्षरं मोहरीएवढी होत गेली होती. दिवाळीनंतर एका दुपारी पान कोरंच राहिलं. पेन बोटांतून घसरलं आणि हे तसेच डोळे मिटून आडवे झाले. नेम मोडू नये म्हणून ते पान मी लिहिलं. मी कलघटगीची, सातवीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर ह्यांचंच अक्षर गिरवून माझं वळण बसलं, ते हुबेहूब त्यांचं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी वही उघडली, भरलेलं पान पाहिलं. पेन वहीत ठेवलं आणि पाठ फिरवून झोपले. मग ते रोजचंच झालं. मी एकदा तोंड उघडणार, तर म्हणाले, "इरली बिडू." असू दे, सोड. मीही सोडलं. भित्र्या माणसाला एवढं निमित्त पुरतं.

रविवारी वेदश्री लॅपटॉप घेऊन आली. कशी आहेस विचारायच्या आतच पडदा माझ्यासमोर धरला.

"काकू, ही काकांच्या अक्षरांची उंची. बघ, दोन वर्षं खाली खाली. हे पाहिलं त्या रात्री मी झोपले नाही. बाबांच्या जुन्या पत्रांतली अक्षरं मोजली होती ना, अगदी तशीच रेघ." तिने बोट पुढे सरकवलं. "आणि इथे, दिवाळीनंतर, एकदम वर. झीज अशी परत फिरत नाही, काकू. म्हणजे हे बाबांचं ते नव्हे. शरीर उलटण्यातलं असणार. त्यावर औषधं आहेत."

"कसली?" मी विचारलं.

"प्रतिकारशक्ती दाबणारी. जड असतात. साधा खोकलासुद्धा छातीत उतरू शकतो. पण बरं होण्याची आशा तर आहे. उद्या हुबळीत डॉक्टरांची वेळ घेतलीय. हा आलेख त्यांना दाखवते."

पोर हसत होती आणि डोळे पुसत होती. एवढी शिकलेली, पण ह्या घरात दुसरं कुणी पेन धरत असेल, असं तिच्या मनातही आलं नाही.

"चहा टाकते," मी म्हणाले.

"आत्ताच झाला ना चहा?"

तरी मी आत गेले. पातेलं ठेवलं. गॅस पेटवायचं सुचेना. बोलावं, तर तिच्या तोंडावरचं हसू मीच पुसायचं. गप्प बसावं, तर उद्या नको ते औषध ह्यांच्या अंगात जाणार. आणि बोलले की ते अण्णांचंच, हे मीच ठरवल्यासारखं होणार. ओट्याची कड धरून मी उभी राहिले.

बाहेर खुर्ची सरकली. हे उठले होते. पाय घासत आले आणि वेदश्रीसमोर बसले. दाराआडून मला त्यांचा उजवा हात दिसत होता. मांडीवर थरथरणारा. आज त्यांनी तो दुसऱ्या हाताखाली लपवला नव्हता.

"काकू, चहा राहू दे, ये ना," वेदश्रीने हाक मारली.

"तिला भीती वाटतेय," हे म्हणाले. "मलाही वाटतेय. वेदा, ती मोठी अक्षरं तुझ्या काकूची आहेत. दिवाळीपासून मी एकही नाम लिहिलेलं नाही. तुझ्या बाबांना झालं होतं, तेच मला झालंय."