रस्त्याकडे पाठ केलेला दवाखाना

बोरीचा दवाखाना १९७४ साली मंजूर झाला आणि पाया खणताना तिसऱ्या दिवशी कुदळ पायऱ्यांवर आदळली. काळ्या दगडाच्या सात पायऱ्या, कडेनं कोरलेली हंसांची रांग. कुठल्याशा जुन्या बारवेचा तेवढाच भाग उरला होता. दुपारपर्यंत पहिल्या हंसाला शेंदूर लागला. संध्याकाळी नारळ फुटले.

सरपंच दत्तराव पायाळू. जन्मताना पाय आधी आलेल्या माणसाला जमिनीतलं दिसतं, ही गावाची खात्री आणि दत्तरावांची तर फारच. त्यांनी जाहीर केलं, "इथं देऊळच होणार. मला अगोदरच दिसलं होतं. दवाखाना गायरानात न्या."

गायरान दोन मैल लांब, ओढ्यापलीकडं.

हे ऐकून चांगुणाबाई सुईण खड्ड्याच्या काठावर येऊन बसली. अर्धी बोरी तिच्या हातावर जन्मली होती. दवाखान्यात बाळंतखोली व्हावी म्हणून तिनं तीन वर्षं येईल त्या पुढाऱ्याची वाट अडवली होती.

"ओढ्याला पाणी आलं तर बाळंतिणीला काय पवायला सांगू का रं, दत्ता?"

"मग हंस फोडायचे का, माय?"

"फोडा कोण म्हणायलंय?"

ओव्हरसियर दिनकरराव म्हणत होते. नकाशा खात्याचा, शिक्क्याचा, जिल्हाभर एकच. त्यातली मागची बाळंतखोली नेमकी पायऱ्यांवर येत होती. "एक रेघ हलली तर माझी नोकरी हलते. पायऱ्या फोडा, नाहीतर जागा बदला."

चांगुणाबाईनं नकाशा जमिनीवर पसरायला लावला.

"ह्ये पुढं काय हाय, साहेब?"

"वऱ्हांडा. भिंत नाही, नुसते खांब."

"दोन खांबांत अंतर किती?"

"बारा फूट."

"आन् पायऱ्या?"

दिनकररावांनी टेप लावला. दहा फूट.

चांगुणाबाईनं कागदावर दोन्ही तळवे ठेवले आणि सवयीच्या हातानं तो अलगद फिरवला. वऱ्हांडा पायऱ्यांवर आला, बाळंतखोली रस्त्याकडं गेली.

"पोटातलं लेकरू फिरवते मी. ह्यो तर कागद हाय."

दिनकररावांनी रेघा तपासल्या. एकही हलली नव्हती. शिक्काही जागेवर होता, फक्त डोक्यावर उभा.

"पण इमारतीची पाठ रस्त्याला येईल!"

"येऊ द्या. दुखणाऱ्याला दार सापडतंय."

"आन् देव?" दत्तराव.

"देवावर सरकारी छप्पर येतंय, दत्ता. शेजारच्या एका तरी गावच्या हंसाला हाय का?"

नव्हतं. दत्तरावांनी तिथंच सांगून टाकलं की हेही आपल्याला अगोदरच दिसलं होतं.

इमारत झाली. मोठे साहेब तपासणीला आले, तेव्हा त्यांची जीप कोऱ्या भिंतीपाशी थांबली. साहेब वळसा घालून पुढं आले. नकाशा हातात धरून त्यांनी खोल्या मोजल्या, खांब मोजले, दारं मोजली. चूक निघेना.

"ऊन भलत्याच बाजूनं येतंय," ते म्हणाले. पण उन्हाबद्दल मंजुरीत काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी सही केली.

बाळंतखोलीत पहिली आली ती दत्तरावांचीच सून. त्या दिवशी ओढा दुथडी भरून वाहत होता. दत्तराव वऱ्हांड्याखाली तिसऱ्या पायरीवर, हंसाला टेकून बसले होते. त्यांना पुढचं काहीही दिसत नव्हतं.

चांगुणाबाई हात पुसत बाहेर आली.

"पोरगी झाली. दोघीबी खुशाल हायत. पायाळू यायलती, फिरवली."

"फिरवली?" दत्तरावांचा चेहरा पडला. "कशाला गं, माय?"

"गावात एक पुरं हाय."