ठमीच्या टिकलीमागचा दिवा

“काका, तुम्हाला गाडीतलं खरंच कळतं, की नुसतं अंदाजपंचे दाहोदरसे?”

विचारून झाल्यावर वल्लरीने जीभ चावली, पण बाण सुटला होता. मुळात प्रश्न तिचा नव्हताच. शेफाली आणि कादंबरीने वर्गात पैज लावली होती, “मेकॅनिकला तोंडावर विचारून दाखव, मिसळ आमच्याकडून!” गेल्या वर्षीपर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी ही मुलगी. यंदा नववीत विज्ञान प्रदर्शनात तिने परीक्षकांनाच उलटे प्रश्न केले, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप म्हणून लागलं नव्हतं.

मार्केट यार्डामागच्या त्या छोट्या गॅरेजात उत्तरेश्वरकाका एका टेम्पोखालून बाहेर आले. सावकाश हात पुसले आणि बाबांकडे बघितलं.

“लेक तुमची?”

“आहे खरी,” बाबा म्हणाले.

“मग तीच सांगंल काय ते. मला कुठं कळतंय?” असं म्हणून त्यांनी गाडीच्या कंप्युटरला जोडायचा स्कॅनर वल्लरीच्या हातात ठेवला.

ठमी म्हणजे वल्लरीच्या घरची पंधरा वर्षांची पांढरी गाडी. तिचा डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा एकदा पेटला तो विझेना. डोळ्यांत खुपतो म्हणून आईने दोन-चार दिवसांतच त्यावर आपली टिकली चिकटवली आणि घरादाराने गाडी बरी झाली असं मानून टाकलं. मग पीयूसी काढायला गेले, तर धुराचा आकडा मर्यादेच्या बाहेर. दोनदा! आधीच्या मेकॅनिकने सेन्सर बदलला, दिवा घालवला. चार दिवसांनी टिकलीच्या कडेने पुन्हा पिवळा उजेड. बाबांनी हात टेकले आणि गाडी विकायला काढली. उद्या रविवारी ती बघायला गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून आज हा शेवटचा प्रयत्न. आणि अठरा पूर्ण झाल्यावर याच ठमीवर गाडी शिकवायचं बाबांनी वल्लरीला कबूल केलेलं, त्याचं काय?

तिने स्कॅनर जोडला. पडद्यावर कोड उमटला : पी ०१७१. अर्थ खाली लिहिलेलाच होता. हवा जास्त, पेट्रोल कमी.

“पण पीयूसीवाला म्हणाला पेट्रोल जास्त होतंय! आणि गाडी म्हणते कमी पडतंय. खोटं कोण बोलतंय?”

आता काका पहिल्यांदा हसले. “कुणीच नाय. कोड म्हंजे रोगाचं नाव न्हवं, पोरी. कोण बोंबलतंय तेवढंच त्यातनं कळतं. का बोंबलतंय, ते आपण हुडकायचं.” त्यांनी बॉनेट उघडून धुराच्या नळीवरचा सेन्सर दाखवला. “हे गाडीचं नाक. धुरात हवा जास्त लागली की ते कंप्युटरला सांगतं, पेट्रोल कमी पडलं. कंप्युटर वाढतो.”

वल्लरीने आकडा वाचला. कंप्युटर चोवीस टक्के जास्त पेट्रोल ओतत होता.

“म्हणजे लग्नातल्या आग्रहासारखं! पोट भरलंय तरी वाढतच राहायचं. पण मग नाकाला जास्तीची हवा लागली कुठून?”

“दिवा कधीपासनं पेटतोय?”

“असेल... दिवाळीपासून?” बाबा म्हणाले.

वल्लरी गाडीत डोकं खुपसून टिकलीकडे बघत राहिली. हिरवी, सोनेरी काठाची.

“दिवाळी नाही हो बाबा! ही टिकली संक्रांतीच्या हळदीकुंकवात आईला मिळालेल्या पाकिटातली आहे. त्याआधी आईकडे सगळ्या मरून रंगाच्या होत्या. आणि संक्रांतीच्या आदल्या रविवारी आपण कुठे गेलो होतो?”

बाबांचा चेहरा उतरला. “लोणी काळभोरला. हुरड्याला.”

शेतात जाताना ठमीचं पोट दगडावर आपटलं होतं, सायलेन्सर नळीसकट लोंबायला लागला होता. रस्त्यावरच्या एका वेल्डरने तो दहा मिनिटांत चढवून दिला, ही शौर्यकथा बाबांनी अख्ख्या सोसायटीला ऐकवली होती.

“धा मिंटात?” काका म्हणाले. “शाबास.”

गाडी गार होऊ दिली. मग काकांनी ती सुरू केली, धूर आत कोंडावा म्हणून सायलेन्सरच्या तोंडाशी ओलं फडकं धरायला बाबांना बसवलं, आणि वल्लरीला भांड्यांच्या साबणाचं पाणी दिलं. एकेका सांध्यावर ती पाणी सोडत गेली. काही नाही. काही नाही. आणि सेन्सरच्या बोटभर अलीकडे, इंजिनाजवळच्या सांध्यावर, फसफसून बुडबुडे!

“काका! सापडलं!”

सांध्यातलं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी चकती, त्या वेल्डरने घातलंच नव्हतं, नुसतं आवळलं होतं. धूर धक्क्याधक्क्याने जातो. दोन धक्क्यांच्या मध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि नाक तिचाच वास घ्यायचं.

“म्हणजे बिचारा सेन्सर खरंच सांगत होता,” वल्लरी म्हणाली. “आणि आपण त्यालाच बदललं!”

नवं गॅस्केट बसलं. कोड पुसून त्यांनी बिबवेवाडीपर्यंत फेरी मारली. मांडीवरच्या स्कॅनरमधले आकडे वल्लरी ओरडून सांगत होती, “पंधरा! नऊ! तीन, बाबा, तीन!” परतताना पीयूसी केली. पास!

“आता सांग,” काका म्हणाले, “अंदाजपंचे काय?”

“नाही काका. सॉरी.”

“सॉरी ऱ्हाऊ दे. स्कॅनर पूस आधी, तेल लागलंय. आन् पुढल्या शनवारी ये. एक गाडी हाय, पेट्रोलचा घमघमाट येतोय पर कोडच दाखवंना.”

घरी पोचताच वल्लरीने टिकली सोलून काढली आणि दार उघडणाऱ्या आईच्या तळहातावर ठेवली.

“हे काय? दिवा?”

“गेला! बाबा, उद्याच्या माणसाला आत्ता फोन करा, ठमी विकायची नाही. आणि आई, शनिवारचा क्लास मी रविवारच्या बॅचला हलवतेय. दर शनिवारी मी उत्तरेश्वरकाकांकडे जाणार आहे.”

“विचारतेयस, की सांगतेयस?”

“सांगतेय,” वल्लरी म्हणाली. “कोडच येत नाही म्हणजे काय गं? वास तर येतोय ना!”