मधला डबा नांदेडला

उजवा

“हा कोण बोलून राहिला?” लक्ष्मम्मांनी विचारलं.

“मीच की, अव्वा.” अश्वजितच्या हातात माइक होता.

“तू न्हाईस. तू त्या उजव्या डब्यात हायस. ह्या मधल्यात दुसराच कोण तरी बसलाय, नाक दाबून.”

त्यांचा थोरला मुलगा नागप्पा हसला नाही. स्पीकरचा तो मधला डबा त्याने परवाच लातूरच्या बाजारातून आणला होता. काळा, चकचकीत. त्याच्या दोन्ही बाजूंचे डबे सागवानी, वीस वर्षांचे, अश्वजितने जुळवलेले.

“दुकानदार म्हणला, कुठलाबी मधला लावा, चालतंय.”

“चालतंय, शेठ. जुळत न्हाई.”

नागप्पाची बायको शिवकन्या दारातून म्हणाली, “ह्याच्याआधी तर बोलणंच येत नव्हतं, भाऊ. मालिकेतलं गाणं ऐकू यायचं, रडायचं म्युझिक यायचं. पण कोण कशापायी रडून राहिलं, पत्ता न्हाई.”

कारण अश्वजितला आल्या आल्याच कळलं होतं. काळा डबा येण्याआधीही नागप्पाच्या नव्या अॅम्प्लिफायरला वाटत होतं की मधला डबा जोडलेला आहे. म्हणून सगळं बोलणं तो तिकडे पाठवत होता, आणि तिकडे कोणीच नव्हतं. ‘मधला नाही’ एवढं रिमोटवरून सांगितलं की तेच बोलणं बाजूच्या दोघांत सारखं वाटलं जातं. एका मिनिटाचं काम. नांदेडहून एसटीत अर्धा दिवस घालवून तो आला होता, आणि ते एका मिनिटाचं काम त्याने अजून केलं नव्हतं.

मघाशी पाण्याचा तांब्या देताना लक्ष्मम्मा हळूच म्हणाल्या होत्या, “दुरुस्त करू नकोस रे. अडलं तर नागप्पा धाकट्याला फोन तरी करंल. दीड वर्ष झालं, दोघं बोलत न्हाईत.”

डावा

हे डबे झाले तेव्हा मलप्पा होते. लक्ष्मम्मांचे यजमान. उदगीरहून येऊन लातुरात डाळीची आडत घातलेले. सोलापूरला व्याह्यांच्या घरी पाच डब्यांचा आवाज ऐकून आले आणि अश्वजितला बोलावणं धाडलं.

“पिच्चरमधला घोडा मागून आला पायजे आन् समोरून गेला पायजे,” ते म्हणाले. “आन् मधी कुठं दम खायला थांबायचा न्हाई.”

अश्वजितने हैदराबादहून एका लॉटचे चौदा स्पीकर आणले. मुदखेडच्या सुताराकडून एकाच लाकडाचे डबे करून घेतले. चौदांतून सारखे पाच निवडायचे होते. कारखान्यात त्यासाठी यंत्र असतं. त्याच्याकडे कान होता, पण ह्या कामात तो स्वतःच्या कानावर विसंबला नाही. त्याने मलप्पांना माइक देऊन आतल्या खोलीत बसवलं आणि लक्ष्मम्मांना हॉलमध्ये. नवऱ्याचा आवाज बायकोइतका कोणाला पाठ असतो?

मलप्पा आतून डाळींची नावं घ्यायचे. तूर, मूग, उडीद, मसूर. अश्वजित एकेक स्पीकर जोडायचा.

“ह्यात हे आजारी हायत.” तो काढला.

“ह्यात लई तरणे वाटून राहिले. नको बाई.” तोही काढला.

सातव्याला लक्ष्मम्मा खुर्चीत पुढे सरकल्या. “खोटं बोलताना असं बोलतात हे.”

“मी कवा खोटं बोललो गं?” स्पीकरमधून आलं.

“हेच. हेच ते.”

चार दिवस चाललं. चारही दिवस मलप्पांनी अश्वजितला आपल्या शेजारच्या पाटावर जेवायला बसवलं. त्या घरात ते साधं नव्हतं. दोघांनाही ठाऊक होतं, दोघांनीही बोलून दाखवलं नाही. चौथ्या दिवशी पाच स्पीकर उरले. मलप्पा पाचांतून तूर म्हणाले, आणि लक्ष्मम्मा म्हणाल्या, “पाचीबी तेच. आता जेवा सगळे.”

पुढे कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या. अश्वजितच्या दुकानात आता बहुतेक मोबाइलचे चार्जर येतात. पण आयुष्यात काय केलंत असं कोणी विचारलं, तर त्याला लातूरचे पाच डबे आठवतात. तसं कोणी विचारत नाही.

मागचे दोन

मलप्पा गेले आणि वर्षाच्या आत वाटणी झाली. भांडी वाटली, कपाटं वाटली. डब्यांपाशी येऊन दोघे भाऊ अडले. तेव्हा पंचांपैकी कोणीतरी म्हणालं, त्यात काय, समोरचे दोन थोरल्याला, बाकीचे धाकट्याला. जुळवणाऱ्याला कोणी विचारलं नाही. धाकटा रविकिरण नोकरीला नांदेडात होता. तो मधला आणि मागचे दोन जीपमध्ये घालून घेऊन गेला. मागचे दोन त्याच्या पलंगाखाली आहेत.

लक्ष्मम्मा सहा महिने इथं असतात, सहा महिने तिथं. त्याला कोणी वाटणी म्हणत नाही.

मधला

नांदेडला आहे.

पुन्हा लातूर

“शेठ,” अश्वजित म्हणाला, “ह्याला त्याचाच मधला लागतो. रविकिरणकडचा.”

हे खोटं नव्हतं. तरी बोलताना त्याने रिमोटकडे पाहायचं टाळलं.

नागप्पाने डब्यांकडे बघितलं. फोन त्याच्या हातातच होता. लक्ष्मम्मा त्या हाताकडे बघत होत्या. त्याने फोन उलटा करून टीपॉयवर ठेवला.

“मग हे दोन तुमी घेऊन जा. मी एकाच कंपनीचा नवा सेट मागवतो. कोणाच्या दारात जायला नको.”

लक्ष्मम्मांनी अश्वजितकडे पाहिलं. असं होईल हे दोघांनाही सुचलं नव्हतं. हे दोन डबे घरातून गेले, तर नागप्पाला धाकट्याकडे मागण्यासारखं काही उरणारच नव्हतं.

अश्वजितने काळा डबा उचलून खाली ठेवला, त्याची वायर गुंडाळली आणि रिमोट हातात घेतला.

“एकदा ऐका. मग ठरवा.”

मधला नाही.

टीव्हीवरच्या बाईचं बोलणं खोलीच्या मधोमध उभं राहिलं. स्वच्छ. डावीकडून नाही, उजवीकडूनही नाही. जिथून काळा डबा काढला होता त्या मोकळ्या फळीवरून.

शिवकन्येने पुढे होऊन फळीवर हात फिरवला. “इथं तर काहीच न्हाई.”

“दोन्हीकडून सारखा आला की मधी कोणी हाय असं वाटतं,” अश्वजित म्हणाला. “डबे सारखे हायत म्हणून.”

नागप्पा ऐकत राहिला. “राहू द्या हे दोन,” तो म्हणाला. मग टीव्हीकडे बघतच त्याने विचारलं, “त्याच्याकडं कसं वाजतं?”

“नुसतं बोलणं येतं. गाणं न्हाई. मधल्या एकट्यानं हे जमत न्हाई.”

नागप्पाने मान हलवली. फोन उलटाच होता.

“मला तर डावीकडूनच येऊन राहिलं,” लक्ष्मम्मा म्हणाल्या. त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. ह्या घरात तीच त्यांची जागा.

“बाजूला बसलं की आवाज जवळच्याकडं पळतो, अव्वा. बरोब्बर मधी बसणाऱ्यालाच मधून ऐकू येतं. इथं.” त्याने कोचाच्या मधल्या जागेकडे बोट केलं.

तिथं नागप्पा बसला होता. तो उठला. आईला हात देऊन त्याने तिथं बसवलं.

लक्ष्मम्मांनी ऐकलं. चेहरा हळूहळू निवला. “आन् जरा सरकले तर?”

“मग मधी राहत न्हाई.”

“म्हंजी मी हलायचं न्हाई.”

अश्वजित खाली वाकून पकड, टेस्टर, उरलेली वायर पिशवीत भरू लागला. शेवटची एसटी गाठायची होती. नागप्पा त्याला सोडायला दारापर्यंत आला.

चपला घालताना अश्वजितने वळून पाहिलं. टीव्हीवर आता कोणी पुरुष काहीतरी सांगत होता. लक्ष्मम्मा पाठ ताठ ठेवून, हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शिवकन्येने चहाचा कप आणून त्यांच्या उजव्या अंगाला टीपॉयवर ठेवला.

“अव्वा, चहा.”

“हाव,” त्या म्हणाल्या. पण कप घ्यायला थोडं उजवीकडे झुकावं लागलं असतं. चहावर साय धरू लागली.