रिकाम्या सतरंज्यांची सभा

विषय :
करमाडच्या अलीकडं, डांबरी रस्त्याला लागून एकोणीस एकर गायरान. ते एका गोदामवाल्याला द्यायला ग्रामसभेची ना हरकत हवी होती. नोटिशीत हे सगळं एका ओळीत मावलं. साळूबाईच्या सात शेळ्या मात्र त्याच गायरानावर चरायच्या. ते गेलं की शेळ्या खाटकाकडं आणि साळूबाई शहरात, छावणी भागातल्या लेकाच्या एका खोलीत, सुनेच्या मर्जीवर.

चर्चा (सभेआधीची, वहीत नसलेली) :
साळूबाईला नियम एकच ठाऊक होता. ग्रामसेविका मनस्विनी मॅडमनंच तो कधीतरी सांगितला होता : शंभर माणसं आल्याशिवाय ग्रामसभा होत नाही. तेवढ्या एका नियमावर तिनं आठ दिवस गावचे उंबरे झिजवले.

"जाऊन भांडूया की," किराणा दुकानातून गोकुळ म्हणाला.

"मागल्या बारीला भांडलो की. आपण बोंबललो, त्यांनी वहीत लिवलं, 'चर्चा झाली'. आता कुणी जायाचंच नाय. बसू दे सरपंचाला सतरंज्या झटकत."

"आत्या, तुमी तर पुढारीच झाल्या."

"गप. त्या दिशी शटर खाली घे. कुणी बोलवाया आलं तरी निघायचं नाय. लई गोड बोलतेत ते. अरे, मी आले तरी नाय!"

उपस्थिती :
नऊ. सरपंच सर्जेराव, त्याचे दोन भाऊ, मॅडम, शिपाई आणि ज्यांना जाणं भागच असतं असे चौघं. शाळेच्या पटांगणात सतरंज्या ऊन खात पडल्या होत्या. अख्खं गाव ओट्यांवरून, गच्च्यांवरून बघत होतं. एवढं सगळं गाव एका विचाराचं झालेलं साळूबाईनं पासष्ट वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. अर्ध्या तासानं मॅडमनं वही मिटली. सभा तहकूब. गोकुळनं शटर वर करून सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या.





(इथं वहीत थोडी जागा कोरी सुटली आहे. गाव आठ दिवस तिथंच, जिंकल्याच्या आनंदात राहत होतं.)





तहकूब सभा :
दवंडी पुन्हा फिरली. पुन्हा कुणी गेलं नाही, ठरलंच होतं. साळूबाई तेवढी गेली, रिकाम्या सतरंज्या जवळून बघायला.

"या काकू, बसा," सर्जेराव मायेनं म्हणाला. "मॅडम, करा सुरू."

"सुरू कसं? शंभर कुठंयत?"

मॅडमनं पेनाचं टोपण काढलं. "आजी, तहकूब सभेला कोरम लागत नाही. जितके आले तितक्यांची सभा."

"हे तवा नाय सांगितलं!"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

साळूबाई चप्पल तिथंच टाकून पळाली. गोकुळच्या शटरवर दोन्ही हातांनी बडवू लागली. "बाहेर ये रं! समद्यांना बोलीव! सभा व्हायलीय!"

आतून हसू आलं. "नाय येणार, आत्या! तुमीच सांगितलंय, मी आले तरी नाय!"

"आरं, आता खरंच ये!"

"पाठ हाय आमाला!"

वरच्या गच्चीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

ठराव :
ती परत आली तेव्हा वाचून झालं होतं. "माझा विरोध लिवा," ती धापा टाकत म्हणाली. मॅडमनं लिहिला, सुवाच्य अक्षरात. उपस्थित दहा, विरोध एक, ठराव बहुमतानं मंजूर.

"बघा काकू," सर्जेराव म्हणाला, "लिवला का नाय? इथं समद्यांचं ऐकलं जातं."

शिपायानं शाईचा पॅड पुढं सरकवला. तिनं हजेरीच्या रकान्यात अंगठा दिला.

आभार :
रस्त्यावर गोकुळ शटर वर करून उभाच होता. "बसले ना आत्या, सतरंज्या झटकत?"

त्यानं गोळ्यांची बरणी पुढं धरली. तिनं निळा अंगठा पदराखाली घेतला आणि दुसऱ्या हातानं एक गोळी उचलली.